वनौषधी जर्नलचा मुख्य संपादक बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

औषधी वनस्पतींवरचं संशोधन छापणाऱ्या जर्नलच्या संकेतस्थळावर अधूनमधून दोन परिच्छेदांचं निवेदन येतं. इतकी वर्षं धुरा सांभाळणारे मुख्य संपादक पायउतार होत आहेत, पुढच्या महिन्यापासून अमुक प्राध्यापक ती जागा घेतील. खाली आभार आणि एक फोटो. बहुतेक जण ते न वाचताच पुढे जातात. ज्याचा पेपर त्याच जर्नलकडे चार महिने ‘परीक्षण चालू’ या शेऱ्याखाली पडून आहे, त्याच्या पोटात मात्र गोळा येतो. आता पेपर कोणाच्या हातात? जुन्या संपादकांनी मागितलेल्या दुरुस्त्या नव्यांना मान्य असतील का? की सगळं पहिल्यापासून?

थोडक्यात उत्तर असं की संपादक बदलल्याने जर्नलचं बरंचसं काम बदलत नाही. पण जे बदलतं ते नेमकं पहिल्या चाळणीवर बदलतं, आणि निवेदनात त्याबद्दल सहसा एक ओळही नसते. ते शोधायचं असेल तर फोटोखालचा परिचय वाचण्यापेक्षा ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान उघडावं.

कोणाच्या हातात काय असतं

पेपर जर्नलकडे येतो तेव्हा तो आधी संपादकीय कार्यालयात जातो. तिथे शास्त्र बघत नाहीत, कागदपत्रं बघतात. मजकूर दुसरीकडून उचललाय का याची सॉफ्टवेअरने तपासणी, प्राण्यांवर किंवा माणसांवर प्रयोग असेल तर नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचा क्रमांक, सगळ्या लेखकांची नावं आणि हितसंबंधांचं निवेदन. यात काही राहिलं तर पेपर दोन-चार दिवसांत परत येतो. त्याला नकार समजू नये.

त्यानंतर मुख्य संपादक किंवा त्यांचे उपसंपादक शीर्षक, गोषवारा आणि ‘साहित्य व पद्धती’ हा भाग वाचतात. इथे बरेच पेपर रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांपर्यंत, न जाताच परत फिरतात. लेखक मंडळी याला ‘डेस्क रिजेक्ट’ म्हणतात. जे टिकतात ते विषयानुसार सहसंपादकाकडे जातात: एखादा रसायनशास्त्राचा, एखादा औषधशास्त्राचा, एखादा क्षेत्रअभ्यासाचा. रिव्ह्यूअर शोधणं, त्यांच्या मागे लागणं, दोन परस्परविरोधी अहवालांतून वाट काढणं हे सगळं सहसंपादक करतो. दोन रिव्ह्यूअर ‘हो’ म्हणावेत म्हणून आठ-दहा जणांना विचारावं लागणं यात काही नवल नाही, आणि उशिराचं मोठं कारण बहुधा हेच असतं.

म्हणजे परीक्षणात असलेला तुमचा पेपर रोजच्या व्यवहारात सहसंपादकाच्या हातात असतो, आणि मुख्य संपादक गेले तरी तो बहुधा तिथेच असतो. संपादक मंडळावरच्या लांबलचक नावांच्या यादीचा यात फारसा संबंध नाही. त्यातले बरेच जण वर्षाकाठी काही पेपर तपासतात, सल्ला देतात, आणि काहींचं नाव केवळ शोभेला असतं.

मुख्य संपादकाच्या हातात खरी सत्ता तीन ठिकाणी असते. पहिली चाळणी लावणं, जर्नलची व्याप्ती ठरवणारा मजकूर लिहिणं आणि सहसंपादक नेमणं.

मुख्य संपादकाला कोण नेमतं हे जर्नल कोणाच्या मालकीचं आहे यावर ठरतं. या क्षेत्रात विद्वत्संस्था आणि प्रकाशक यांचे वेगवेगळे घरोबे दिसतात. ‘प्लांटा मेडिका’ १९५३ साली सुरू झालं. औषधी वनस्पती आणि नैसर्गिक द्रव्यांच्या संशोधनासाठीची, जीए या नावाने ओळखली जाणारी संस्थाही त्याच वर्षीची. ‘जर्नल ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स’ १९३८ पासून ‘लॉइडिया’ या नावाने निघत होतं, १९७९ मध्ये नाव बदललं, आणि आज ते अमेरिकन केमिकल सोसायटी आणि अमेरिकन सोसायटी ऑफ फार्माकॉग्नोसी यांचं संयुक्त प्रकाशन आहे. ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’ १९७९ पासून निघतं. त्याचा प्रकाशक एल्सेव्हिअर. जिथे संस्थेचा शब्द चालतो तिथे शोधसमिती नेमतात, अर्ज मागवतात, मुदत ठरलेली असते, बहुधा तीन ते पाच वर्षं आणि एकदा वाढ. जिथे प्रकाशकच मालक असतो तिथे करार प्रकाशक आणि संपादक यांच्यात होतो आणि बाहेरच्यांना फक्त निकाल कळतो.

शांतपणे झालेला बदल आणि वादातून झालेला बदल

मुदत संपली, प्राध्यापक निवृत्त झाले, काम झेपेनासं झालं, ही नेहमीची कारणं. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

वादातून होणारे बदल वेगळे. २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या जर्नलच्या सगळ्या संपादकांनी आणि संपादक मंडळाने एल्सेव्हिअरशी शुल्क आणि मालकीवरून मतभेद झाल्यावर राजीनामे दिले आणि ‘ग्लोसा’ हे नवं जर्नल काढलं. एप्रिल २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या चाळीसहून अधिक संपादकांनी असंच केलं. त्यांचा आक्षेप एका लेखासाठी घेतल्या जाणाऱ्या ३,४५० डॉलर शुल्कावर होता. दोन्ही वेळा माणसं गेली, पण जुनं नाव, जुने अंक आणि इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला जर्नलच्या वजनाचा आकडा) प्रकाशकाकडेच राहिला. नावाची मालकी कोणाकडे हा प्रश्न किती कळीचा आहे ते यावरून दिसतं. बाहेरून पाहणाऱ्याला जर्नल तेच दिसतं, आतली सगळी टोळी मात्र बदललेली असते.

आपल्या विषयाच्या जवळची उदाहरणंही आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘न्यूट्रिअंट्स’ या एमडीपीआय प्रकाशनाच्या पोषणविषयक जर्नलमधून मुख्य संपादकासह दहा वरिष्ठ संपादकांनी राजीनामे दिले. कमी दर्जाचे पेपर स्वीकारण्यासाठी दबाव येतो, असा त्यांचा आरोप होता. प्रकाशकाने तो नाकारला. ‘एव्हिडन्स-बेस्ड कॉम्प्लिमेंटरी अँड अल्टर्नेटिव्ह मेडिसिन’ हे वनौषधींवरचे पेपर मोठ्या संख्येने छापणारं हिंदावी या प्रकाशकाचं जर्नल होतं. मार्च २०२३ मध्ये हिंदावीची जी १९ जर्नल्स वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या सूचीतून काढली गेली, त्यात तेही होतं. त्या वर्षी हिंदावीने आठ हजारांहून अधिक पेपर मागे घेतले. गडबडीचा मोठा भाग विशेषांकांत होता. तिथे पाहुण्या संपादकांना मोकळं रान मिळालं होतं आणि मुख्य चाळणीला वळसा घालून पेपर आत येत होते.

म्हणून निवेदन वाचताना एवढं बघावं: एकच माणूस बदललाय की त्याच्यासोबत सहा-सात सहसंपादकही एकाच महिन्यात दिसेनासे झालेत? जुन्या संपादकांचं निरोपाचं संपादकीय आहे की नाव गुपचूप काढून टाकलंय? नव्या नेमणुकीबरोबर विशेषांकांची संख्या एकदम वाढली का? यातलं शेवटचं लक्षण मला सगळ्यात जास्त खटकतं.

नवा संपादक चाळणी कुठे घट्ट करतो

वनौषधींच्या जर्नलांचं दुखणं सगळीकडे सारखंच आहे. पेपर भरपूर येतात, आणि त्यातल्या पुष्कळांत नेमकी कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि कसा अर्क वापरला हेच धड कळत नाही. मग पुढचे सगळे आलेख आणि तारांकित (संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय म्हणून तारा लावलेले) फरक हवेत लटकतात. त्यामुळे नवा मुख्य संपादक आला की पहिला हात याच भागाला घालतो.

वनस्पतीच्या ओळखीपासून सुरुवात करू. हा तांत्रिक सोपस्कार नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रांड्राच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची गेली. दोन्हींची चिनी व्यापारी नावं एकमेकांच्या जवळची होती. कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली आणि १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पहिला अहवाल आला. संशोधनाच्या पेपरात अशीच चूक झाली तर रुग्ण लगेच मरत नाही, पण प्रयोग कोणालाही पुन्हा करता येत नाही.

पद्धतीच्या भागात असं वाक्य पुष्कळदा येतं: ‘अश्वगंधा बाजारातून आणली, वनस्पतिशास्त्र विभागाने ओळख पटवली, आणि इथेनॉलने अर्क काढला.’ नव्या चाळणीवर हे वाक्य पहिल्या दिवशीच अडकतं. हवं ते असं: विथानिया सोम्निफेरा (एल.) डुनाल, कुल सोलॅनेसी, फक्त मुळं, कोणत्या ठिकाणाहून आणि कोणत्या महिन्यात गोळा केली, ओळख कोणी पटवली, वाऊचर नमुना (पुराव्यासाठी जपलेली वाळवलेली वनस्पती) कोणत्या नोंदणीकृत हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतिसंग्रहात, कोणत्या क्रमांकाने ठेवला. सावलीत किती दिवस वाळवली, किती बारीक दळली. ५०० ग्रॅम भुकटी, ७० टक्के इथेनॉल, भुकटीच्या वजनाच्या किती पट, किती तास, कोणत्या तापमानाला, किती वेळा. शेवटी कोरडा अर्क किती ग्रॅम मिळाला. ५० ग्रॅम मिळाला असेल तर वनस्पती आणि अर्काचं प्रमाण १० ला १. हा एक आकडा नसेल तर पुढचा डोस निरर्थक होतो.

नावाच्या बाबतीत आणखी एक अडचण. वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलत राहतात. रोझमेरीचं रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस हे नाव कित्येकांच्या बोटांत बसलंय, पण आता तिला साल्व्हिया रोझमॅरिनस म्हणतात. त्यामुळे क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’सारख्या सूचीत नाव तपासून, कोणत्या तारखेला तपासलं तेही लिहावं अशी अट आता सर्रास दिसते. ‘द प्लांट लिस्ट’ ही जुनी सूची २०१३ नंतर अद्ययावत झालेली नाही. पेपरात तिचा हवाला दिसला की लेखकाने जुन्याच पेपरातून मजकूर उचललाय हे संपादकाला कळतं.

अर्कात काय आहे हा पुढचा प्रश्न. ‘फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, सॅपोनिन आढळले’ असा रंगचाचण्यांचा तक्ता आता चालत नाही, कारण जवळजवळ कुठल्याही हिरव्या पानात हे सगळं असतं. एचपीएलसीचा (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तंत्राचा) आलेख, त्यातली निदान मुख्य शिखरं ओळखलेली, आणि एखाददुसऱ्या घटकाचं मोजमाप लागतं. २०२२ मध्ये आलेल्या ‘कॉनफायएमपी’ या मार्गदर्शक तत्त्वांत अर्काचं रासायनिक वर्णन किती खोल हवं याची चौकट दिलेली आहे. नवा संपादक सूचनांच्या पानावर त्याचा उल्लेख घालतो का, हे बघण्यासारखं असतं.

मग डोस. इथे साधा गुणाकार पुष्कळ पेपरांचा निकाल लावतो. समजा उंदरांवर नव्हे तर मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, किलोमागे १,००० मिलिग्रॅम अर्क दिला आणि सूज कमी झाली. शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशोबाने रॅटचा डोस माणसासाठी काढताना ६.२ ने भागतात. आले किलोमागे सुमारे १६१ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ९.७ ग्रॅम कोरडा अर्क. प्रमाण १० ला १ असेल तर जवळजवळ ९७ ग्रॅम वाळलेलं मूळ, रोज. एवढं कोणी खाणार नाही. अनुभवी संपादक हा हिशोब गोषवारा वाचतानाच मनात करतो. बरीच जर्नल्स आता वाजवी डोसची कमाल मर्यादाच सूचनांत लिहून टाकतात. पेट्रीडिशमधल्या प्रयोगांनाही हेच लागू. मिलिलिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम अर्क ओतला तर पेशी मरणारच, त्याला ‘कर्करोगविरोधी’ म्हणता येत नाही.

याच रांगेत काही विषय बसतात, ज्यांना नवे संपादक हल्ली सरळ दार बंद करतात. फक्त डीपीपीएच या साध्या रंगबदलाच्या चाचणीवर उभा असलेला ‘अँटिऑक्सिडंट’ पेपर. प्रयोगशाळेत काहीही न करता केवळ संगणकावर रेणू आणि प्रथिन जुळवून दाखवणारा डॉकिंगचा पेपर. तयार डेटाबेस जोडून जाळीसारखी चित्रं काढणारा नेटवर्क फार्माकॉलॉजीचा पेपर, ज्यात वनस्पती आणि आजार बदलले की नवा पेपर तयार होतो. आणि कर्क्युमिन. हा हळदीतला रेणू चाचण्यांत खोटे संकेत देण्यासाठी बदनाम आहे: तो स्वतः चमकतो, प्रथिनांशी अंदाधुंद चिकटतो, आणि रक्ताच्या सामूत फार काळ टिकत नाही. असे रेणू २०१० पासून पेन्स या नावाने ओळखले जातात. कर्क्युमिनवर काम करूच नये असं नाही, पण प्रतिचाचण्या नसतील तर पेपर पुढे जाऊ नये असं माझंही मत आहे.

कायद्याची बाजूही आहे. जैविक संसाधनांचा वापर आणि त्यातल्या लाभाचं वाटप यासाठीचा नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार २०१० मध्ये ठरला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. दुसऱ्या देशातून वनस्पती गोळा केली असेल तर परवानगी कोणाची घेतली, स्थानिकांचं ज्ञान वापरलं असेल तर लाभवाटपाचं काय, हे आता विचारलं जातं. जुने संपादक याकडे काणाडोळा करत असतील आणि नवे करत नसतील, तर तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या नमुन्यांचे कागद आत्ता शोधावे लागतात. ते मिळायला महिने लागू शकतात.

चाळणी घट्ट झाली की गळती सुरुवातीला वाढते. स्वीकाराचं प्रमाण खाली येतं, लेखक नाराज होतात, प्रकाशकाला छापलेल्या पेपरांचा आकडा घटलेला दिसतो. जिथे लेखकाकडून प्रत्येक पेपरमागे पैसे घेतले जातात तिथे हा आकडा म्हणजे थेट उत्पन्न असतं. नव्या संपादकाला पहिली दोन वर्षं हा ताण सोसायची मुभा करारात आहे की नाही, यावर बाकी बरंच अवलंबून असतं.

सूत्रं देता-घेताना काय बिघडतं

पाइपलाइनचा आकार आधी लक्षात घ्या. समजा जर्नलकडे वर्षाला २,४०० पेपर येतात आणि पहिला निर्णय व्हायला सरासरी दोन महिने लागतात. मग कुठल्याही दिवशी ४०० पेपर निर्णयाची वाट बघत असतात. दुरुस्तीसाठी लेखकांकडे गेलेले वेगळेच. हे सगळं एका रात्रीत नव्या माणसाच्या नावावर चढवलं तर त्याचे पहिले तीन महिने फक्त निपटारा करण्यात जातात.

चांगली पद्धत अशी: एक तारीख ठरवायची. त्या तारखेनंतर आलेले नवे पेपर नव्या संपादकाकडे, आधी आलेले आणि त्यांच्या दुरुस्त आवृत्त्या जुन्यांकडे, तीन ते सहा महिने. तोवर जुन्यांचा प्रवेश चालू ठेवायचा. हे केलं नाही तर सगळ्यात जास्त मार दुरुस्त आवृत्त्यांना बसतो. जुन्या संपादकांनी ‘प्राण्यांचा प्रयोग नको, अर्काचा एचपीएलसी द्या, पुरे’ असं सांगितलेलं असतं. लेखक चार महिने खपून ते देतो. नवे संपादक फाइल कोरी समजून दोन नवे रिव्ह्यूअर नेमतात, आणि ते नेमका प्राण्यांचा प्रयोग मागतात.

हितसंबंधांचा गुंता याहून नाजूक. नवा मुख्य संपादक त्याच क्षेत्रातला असल्याने त्याचे किंवा त्याच्या विद्यार्थ्यांचे पेपर त्याच जर्नलकडे परीक्षणात असण्याची शक्यता बरीच असते. त्याला प्रणालीत मुख्य संपादकाचे अधिकार मिळाले की रिव्ह्यूअरांची नावं दिसू शकतात. एडिटोरियल मॅनेजर किंवा स्कॉलरवनसारख्या प्रणाली लेखक आणि संपादक एकच असेल तर तो पेपर त्याच्यापासून झाकतात, पण खातं एकच असेल तरच. विद्यापीठाच्या ईमेलवर एक आणि खासगी ईमेलवर दुसरं अशी दोन खाती असली की ही तटबंदी कोसळते. म्हणून अधिकार देण्याआधी त्या व्यक्तीची सगळी खाती शोधून एक करायची, तिचे परीक्षणातले पेपर यादी करून एका उपसंपादकाकडे द्यायचे, आणि छापताना ‘या पेपरच्या निर्णयात मुख्य संपादकांचा सहभाग नव्हता’ असं स्पष्ट छापायचं. सहकारी, अलीकडचे सहलेखक आणि स्वतःच्या विभागातले लोक यांच्या पेपरांनाही हाच नियम.

अनुत्तरित तक्रारी हा तिसरा खड्डा. आठ वर्षांपूर्वी छापलेल्या पेपरात दोन वेगळ्या प्रयोगांचे वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनांच्या पट्ट्यांची चित्रं) एकच दिसतात अशी तक्रार आलेली असते. जुन्या संपादकांनी लेखकांना पत्र पाठवलेलं असतं, उत्तर अर्धवट आलेलं असतं, आणि हा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये असतो. ते निवृत्त होतात, विद्यापीठ वर्षभराने खातं बंद करतं. तक्रारदार पुन्हा विचारतो तेव्हा नव्या संपादकाकडे कागदाचा कपटाही नसतो. प्रकाशन-नीतिमत्तेसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोप’ या संस्थेचे टप्प्याटप्प्याचे तक्ते आहेत, पण ते पाळायला आधीची नोंद हवी. उपाय अगदी साधा आहे. पदाच्या नावाचा ईमेल, व्यक्तीच्या नावाचा नाही, आणि प्रत्येक उघड्या प्रकरणाची एका पानाची टिपणं सूत्रं देताना सोपवायची.

तोंडी आश्वासनंही अशीच गहाळ होतात. ‘तुमचा आढावा लेख घेऊ’, ‘परिषदेवर विशेषांक करू’ असं जुन्यांनी मेलवर कबूल केलेलं असतं. नव्यांवर ते बंधनकारक नसतं. बाकी किरकोळ गोष्टी, आपोआप जाणाऱ्या पत्रांखालची जुनी सही, सूचीकरण संस्थांकडचं जुनं नाव, यांनी कोणाचं नुकसान होत नाही, फक्त हसू होतं.

पेपर अडकलेला असेल तर

पहिले सहा आठवडे थांबा. या काळात स्थिती न बदलणं नेहमीचं आहे. त्यानंतर संपादकीय कार्यालयाला लिहा, नव्या मुख्य संपादकांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर नको, कारण ते मेल प्रणालीच्या बाहेर राहतं आणि त्याची नोंद होत नाही. पेपरचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, आत्ताची स्थिती आणि एकच प्रश्न: हा पेपर सध्या कोणत्या सहसंपादकाकडे आहे? चार ओळी पुरतात.

दुरुस्तीची मुदत सूत्रांतराच्या तारखेच्या आसपास येत असेल तर आधीच पाठवा. उत्तराच्या पत्रात जुन्या संपादकांच्या सूचना शब्दशः, निर्णयपत्राच्या तारखेसह उतरवा आणि प्रत्येकीखाली काय केलं ते लिहा. नव्या वाचणाऱ्याला जुना संदर्भ मिळण्याचा तेवढाच मार्ग असतो. जुन्या संपादकांनी पूर्वी नाकारलेली मागणी नव्या रिव्ह्यूअरने केली, तर वाद न घालता त्या जुन्या सूचनेकडे बोट दाखवून सहसंपादकाचा निर्णय मागा.

कंटाळून दुसरीकडे पाठवायचं ठरवलं, तर आधी पेपर मागे घेतल्याची लेखी पोच घ्या. पोच येण्याआधी दुसऱ्या जर्नलकडे पेपर गेला तर तो दुहेरी सादरीकरणाचा गुन्हा ठरतो, आणि ‘संपादक बदलले म्हणून गोंधळ झाला’ हे कारण कोणी ऐकत नाही.

नवा पेपर पाठवायचा असेल तर सूचनांच्या पानाची जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून वाचा. जुनी प्रत वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर बहुधा सापडते. कोणता शब्द घातला, कोणता काढला, यातून नव्या संपादकांचा कल कुठल्याही संपादकीयापेक्षा लवकर कळतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अराइव्ह आणि वनौषधींच्या रुग्णचाचण्यांसाठी कन्सॉर्टच्या २००६ च्या पुरवणीची तपासयादी सक्तीची झाली का, तेही याच पानावर दिसतं.

इम्पॅक्ट फॅक्टरवर परिणाम कधी दिसतो

नवे संपादक आले आणि वर्षभरात इम्पॅक्ट फॅक्टर वाढला, म्हणून त्यांचं कौतुक होतं. ते श्रेय बहुधा जुन्यांचं असतं. हिशोब असा: २०२७ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२५ आणि २०२६ मध्ये छापलेल्या लेखांना २०२७ मध्ये मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. तो जाहीर होतो २०२८ च्या मध्यावर. २०२६ च्या सुरुवातीला आलेल्या संपादकांनी निवडलेले पेपर त्या वर्षाच्या उत्तरार्धात छापून येतात. म्हणजे २०२८ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यातही त्यांचा वाटा अर्ध्याहून कमी. निव्वळ त्यांनी निवडलेल्या पेपरांचा आकडा २०३० च्या आधी दिसत नाही, आणि तोवर कित्येकांची मुदत संपत आलेली असते. लवकर आकडा फुगवायचे मार्गही आहेत, आढावा लेख वाढवणं किंवा लेखकांना जर्नलचेच जुने पेपर उद्धृत करायला सुचवणं. निर्णयपत्रात विषयाशी संबंध नसलेल्या, त्याच जर्नलच्या पेपरांची यादी आली तर ती नाकारायचा लेखकाला पूर्ण हक्क आहे.

नव्या संपादकांच्या नावाने येणारी पत्रं

संपादकबदल जाहीर झाला की नव्या संपादकांच्या नावाने निमंत्रणं फिरू लागतात. ‘विशेषांकासाठी पाहुणे संपादक व्हा’, ‘तीन आठवड्यांत प्रसिद्धी’, सोबत शुल्काचा दुवा. काही वेळा खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) चोरून हुबेहूब संकेतस्थळही उभं केलेलं असतं. मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नये. प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरून स्वतः जर्नलच्या पानापर्यंत जावं, तिथल्या ‘पेपर पाठवा’ या दुव्याचा पत्ता आणि मेलमधला पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आयएसएसएन पोर्टलवर नोंदलेलं संकेतस्थळ तेच आहे का ते बघावं. एवढं करूनही शंका राहिली, तर मंडळावरच्या एखाद्या सहसंपादकाचा पत्ता त्याच्या विद्यापीठाच्या पानावरून घेऊन त्याला दोन ओळींत विचारावं की असा विशेषांक खरोखर निघतोय का.